शार्क आणि माझा एकशे बारावा अर्ज

२ मार्च, रविवार
आजपासून दोन निश्चय. रोज चालणे. भाषण पाच मिनिटांत संपवणे.
चालण्यासाठी बसने धरणावर गेलो. पलीकडच्या पाण्यात काहीतरी काळं, टोकदार, हातभर वर आलेलं. पाच मिनिटांनी बुडालं. शार्क! काही शार्क नदीतून शेकडो मैल आत येतात, गोड्या पाण्यात राहतात. वाचलंय मी. मार्गही उघड आहे: बंगालचा उपसागर, कृष्णा, भीमा, मुळा-मुठा. मध्ये धरणं आहेत, पण निश्चय असेल तर भिंती आडव्या येत नाहीत.

३ मार्च
चाललो नाही. चिंतन केलं.
वारज्यात पुलाजवळ शालन मासे विकते. तिचा नवरा श्यामसुंदर लॉरीच्या ट्यूबवर बसून धरणात जाळी लावतो. पत्नी प्रेमला गेल्यापासून ‘भाऊ, जेवलात का?’ असं मला विचारणारी ही एकटीच. आजही चिलापीचं कालवण डब्यात घालून दिलं. शार्कचं सांगितलं तर हसली. म्हणाली, “भाऊ, उन्हाचं टोपी घालत जावा.”
अज्ञान! श्यामसुंदरला मीच वाचवणार.

५ मार्च
चौकशी होईपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नये, असा अकरा पानी अर्ज पाटबंधारे कार्यालयात दिला. रस्ते, दिवे, गटारं धरून हा माझा एकशे बारावा. आधीच्या एकशे अकरांना उत्तर नाही. व्यवस्था बहिरी आहे. पण माझा आवाज बसलेला नाही.

९ मार्च, रविवार
सोसायटीच्या हॉलमध्ये व्याख्यान. पंचावन्न मिनिटं. (प्रस्तावना धरायची नसते.) सेक्रेटरी अभयराव म्हणाले, “रावसाहेब, शार्क माणसाला पाच मिनिटांत संपवतो. आपण तास घेतलात.” मोठी दाद.
ग्रुपवर कुणीतरी टाकलंय: धरणाचे मासे घेऊ नका, शार्कची पिल्लं कापून विकतात. हे मी बोललो नव्हतो. पण जागृती होतेय, हे महत्त्वाचं.

१२ मार्च
अर्ज मंजूर!! आयुष्यातला पहिला. पाटी लागली, मासेमारी बंद.
शालनला सांगायला धावलो. दुपार झाली तरी कालच्या माशांची टोपली भरलेलीच. ती काही बोलली नाही. डबाही दिला नाही. कृतज्ञतेने माणूस असा मुका होतो.
रात्री दूध-पाव.

१६ मार्च
शालनची जागा तीन दिवस रिकामी. विश्रांती घेत असावी. शेजारची कोथिंबीरवाली म्हणाली, “श्यामसुंदर हमाली बघायला गेलाय. शालन गेली भणीकडं. तुम्हीच तर भाषण ठोकलं न्हवं?”
टोन बरोबर नव्हता.
वीस तारखेची तयारी. विहारात महाडच्या सत्याग्रहावर बोलायचं. एकतीस वर्षं मीच बोलतो. विषय तोच: पाण्यावर हक्क.

१९ मार्च
पुरावा म्हणून फोटो काढायला धरणावर गेलो. पाणी बरंच मागे हटलंय. शार्क दिसला त्याच जागी चिखलात फाटकी ट्यूब, दगडाला बांधलेली. अर्धी हवा भरलेली, म्हणून एक बाजू टोकदार वर आलेली. वर पांढऱ्या रंगात ‘श्यामसुंदर’.
याने शार्क नसल्याचं सिद्ध होत नाही.
पलीकडे पाटी. पाण्यात उतरण्यास सक्त मनाई. शब्द माझ्याच अर्जातले.
तडक कार्यालयात गेलो. एकशे तेरावा अर्ज: बंदी उठवा. क्लार्क म्हणाला, चौकशी झाल्याशिवाय उठणार नाही. चौकशी कोण करतंय, ते त्याला माहीत नव्हतं.

२० मार्च
विहार भरलेला. उभा राहिलो. दरवर्षीचं पहिलं वाक्य म्हणालो: “पाणी कुणालाही बंद करण्याचा अधिकार कुणालाही नाही.”
टाळ्या पडल्या.
पुढचं वाक्य आलं नाही. पाणी प्यायलो. तरी आलं नाही. जय भीम म्हणून खाली बसलो.
भाषण पाच मिनिटांच्या आत संपलं. निश्चय पाळला गेला.
शालनचा डबा तेवढा घासून ठेवलाय. द्यायचा कुठे, कळत नाही.