बसम्माच्या दारात चुकलेला हेल

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

चुकले. भर मयतात चुकले! चाळीस बायका, उन्हात उभे पुरुष, स्वामी विभूती घेऊन तयार — आणि मी बसम्माच्या पायाशी बसून, हेल काढून तिचं आयुष्य सांगता सांगता भलतंच बोलून गेले. म्हणाले, "यव्वा बसम्मा, अठरा दिवसांचं लेकरू मातीत ठिवलंस, आन् दुसऱ्या दिवशी भाकरी थापाय बसलीस गं..."

बसम्माचं कुठलं लेकरू गेलं होतं? तिला तीन मुली. तिन्ही जित्या, तिन्ही जाड. समोरच बसल्या होत्या. थोरली चंद्रिका रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

म्हणून आजपासून लिहून ठेवायचं. दिवाळीपासून आमच्या गल्लीतली तीन माणसं गेली — शिवयोगी, चंद्रव्वा, आता बसम्मा. तिघांना मी रडले. आता ती माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळायला लागलीत. पार कालवून जायच्या आत एकेकाला वेगळं काढून ठेवते.

मला अक्षर येत नाही. मी सांगते, सिद्धेश्वरी लिहिते. ही माझी सून. अंगणवाडीत पोरांची वजनं लिहून लिहून हिचा हात बसलाय. वही तिथलीच, मागची पानं कोरी होती. मला तर हिचं अक्षर दोरीवर वाळत घातलेलं धुणं दिसतं. मी "न्हाय" म्हटलं की ही "नाही" लिहिते. लिहू दे. कागदावर तरी मी शिकलेली!

एक अट — लिहून झालं की रोज वाचून दाखवायचं. हिनं पदरचं काय घातलं ते कळायला नको?

१८ फेब्रुवारी

आमच्यात मेलेल्याला आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून बसवतात, हार घालतात, कपाळभर विभूती. माणूस बसून ऐकतंय असंच वाटतं. म्हणून त्याच्यासमोर खोटं बोलायचं नाही. हे मला सासूनं शिकवलं. माझी सासू नुसती रडायला वळसंगपर्यंत बोलावली जायची, परत येताना लुगड्याच्या ओच्यात हरभरा घेऊन यायची. तिनं पद्धत घालून दिली — "आदी नावानं हाक मारायची. मग म्हायेर सांगायचं. मग हात कशात चालायचा ते. मग दुःख. आन् शेवटाला एक खोड. खोड सांगितली की लोकास्नी पटतंय, ह्यो त्योच मानूस हाय."

खोड आली की बायका रडता रडता हसतात. खरं सांगू? त्या हसण्यासाठीच मी पन्नास वर्षं रडले.

आता असलं रडणं कुणाला नको आहे. मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत मयताच्या शेजारी ती निळा दिवा लागणारी डबी ठेवली होती. तीतून संतांची वचनं चालू. मध्येच गोडेतेलाची जाहिरात! मेलेला बिचारा शांत बसला होता. मी त्याच्या जागी असते तर उठून घरात गेले असते.

मला रडणारी कोण? सिद्धेश्वरी रुमाल नाकाला लावते आणि नाक ओढते, बस. हे पण लिही.

२० फेब्रुवारी

शिवयोगीचं. नव्या पेठेत कापडाच्या दुकानात पंचेचाळीस वर्षं कापड मोजलं. मोजताना अंगठा जरा पुढे सरकवायचा. गिऱ्हाईकाला बोटभर जास्त! मालकाला कधी कळलं नाही. बायकोला कळलं. ती म्हणायची, "साऱ्या सोलापूरला बोटभर जादा, आमास्नीच मापात."

खोड — काहीही मोजायचा. भाकरी वितीनं. दोन दारांतलं अंतर पावलांनी. पोरगी बघायला गेला तर तिथली खिडकी मोजून आला. मयताला मी म्हणाले, "शिवयोगी, खड्डा मापात हाय का बघून घे रे बाबा!" बायका पदरात तोंड घालून हसल्या. त्याची सून रागावली. लातूरकडची ती, तिला वाटलं मी चेष्टा केली. केलीच होती.

पोरगा पुण्याला. तेराव्याच्या आत दाराला कुलूप. आता गल्लीत अकरा दारं, सात कुलपं. शिवयोगी असता तर कुलपं पण मोजली असती. आता मीच मोजते.

२३ फेब्रुवारी, रविवार

चंद्रिका आली. पाणी नको म्हणाली, बसली नाही.

"निंगव्वाकाकू, खरं सांगा. आमचा भाऊ होता?"

"भाऊ कुटं म्हनले मी? लेकरू म्हनले."

"म्हंजे होतं की!"

कसं सांगू हिला? बसम्माला तिच्या जावांनी जन्मभर "तीन पोरींची" म्हणून हिणवलं. कुणाच्या बारशाला गेली तर पाळण्याची दोरी हातात देत नसत. ही तिथं उभी राहून दुसरीकडे बघायची. आणि आता चंद्रिकेनं वळसंगला चुलत्याच्या घरी फोन करून सुनावलं — "माझ्या आईला मुलगा झाला हुता! गेला त्यो. तुमी झाकून ठिवलं." पन्नास वर्षांचं एका फोनमध्ये.

मला म्हणाली, "कुटं पुरलं तेवडं सांगा. आईच्या जागंवरची मूठभर माती तितं न्हेऊन टाकते. दोगं जवळ येतील."

मी म्हणाले, "बाई गं, माझं डोकं ऱ्हायलं न्हाय. ते चंद्रव्वाचं लेकरू. दोघींचं एकात एक झालं."

चंद्रव्वा पौषातच गेलेली. ती काय उठून नाही म्हणणार?

चंद्रिका गेली. पण चप्पल घालायला लई वेळ लावला तिनं.

२४ फेब्रुवारी

सिद्धेश्वरी विचारते, "आत्याबाई, चंद्रव्वाकाकूंचं लेकरू गेलं तेव्हा तुम्ही कुठं होता?" म्हटलं, तू लिहायचं काम कर.

२६ फेब्रुवारी, शिवरात्र

उपास आहे. पोटात भगर, तोंडात चंद्रव्वा.

नवरा रेल्वेत, कुर्डुवाडीला. त्यामुळे ही घड्याळ कधी बघत नसे. एक गाडी गेली की आधण, दुसरी गेली की भात. गाडी लेट तर जेवण लेट. नवरा रिटायर झाल्यावर आमच्या गल्लीत आली, आणि हितं गाडीच ऐकू येईना! सहा महिने घरात कधीच वेळेवर काही शिजलं नाही. शेवटी पोरानं, महिपतीनं, भिंतीवर घड्याळ लावलं. म्हणाली, "ह्ये कुटं जात बी न्हाय आन् येत बी न्हाय. ह्याच्यावर इस्वास कसा ठिवू?"

आता तिचं दुःख सांगते. लिही.

लेकरू अठरा दिवसांचं. डावी मूठ कायम मिटलेली. एकेक बोट उलगडून पुसावी लागायची. आत लोकरीच्या धाग्यासारखा मळ साठायचा, आंबूस वास यायचा त्याला. भुकेनं रडायचं नाही. आपणच उठवून पाजायचं. बारसं लांबलेलं, म्हणून नाव नाही. घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून नेलं. आई उठून हेल काढायला लागली तर सासू म्हणाली, "दात न आलेल्याला रडत न्हाईत. काय गुण सांगणार हाईस त्याचं? गप बस. भाकरी थाप."

सिद्धेश्वरीनं पेन थांबवलं. "चंद्रव्वाकाकूंच्या सासूबाई?"

"मग कुनाच्या!"

"पण काकू गल्लीत आल्या तेव्हा महिपतीदादा नोकरीला लागले होते."

"लिव्हलं का? वाच."

तिनं वाचलं. मी म्हणाले, मुठीतल्या मळाचं खोडून टाक. म्हणाली, "खोडू?" पेन तसंच धरून बसली. मग मीच म्हणाले, राहू दे.

१ मार्च

बसम्माचं नीट सांगते. यात चूक नको.

ती आणि मी एकाच वर्षी या गल्लीत नवऱ्या होऊन आलो. भिंतीला भिंत. तिच्या हातची कडक भाकरी कागदासारखी — उजेडात धरली तर पलीकडचं माणूस दिसायचं. महिना महिना टिकायची. पेठेतल्या दुकानांतून माणसं तिच्या दाराशी येऊन थांबायची, आणि ही आतून ओरडायची, "वाळू द्या की! भाकर हाय, टपाल न्हाय!"

खोड — जिच्यावर राग, तिला करपलेली भाकरी. तोंडानं बोलायची नाही. ताटात काळी भाकरी आली की आपण समजायचं, आपलं काय चुकलं ते आठवत बसायचं. मला जन्मात दोनदाच मिळाली.

गुण — तिच्या पोटात गेलेलं बाहेर येत नसे. गल्लीतली कितीतरी झाकलेली दुःखं तिच्याजवळ होती, तिच्याबरोबरच गेली. एकदा माझ्या घरच्या भाकरी महिनाभर तिनंच थापल्या. माझी सासू ओरडली तरी तिनं ऐकलं नाही.

का थापल्या ते आता आठवत नाही.

एवढं सांगून काय होणार आहे? ही वही उद्या कोण उघडणार? सिद्धेश्वरीची पोरं मराठी वाचताना जिभेत काटा रुतल्यासारखी थांबतात. रडून वाऱ्यावर सोडलं काय आणि लिहून धान्याच्या डब्यात ठेवलं काय — ऐकणारी माणसं भिंतीला टेकून बसून गेली.

४ मार्च

चंद्रिका परत आली. या वेळी बसली. कुर्डुवाडीला जाऊन महिपतीला भेटून आली होती! महिपती बापाच्याच जागी रेल्वेत लागला. तो म्हणाला, "आईला मी एकटाच. लग्नाला नऊ म्हैनं आन् मी. माझ्यामागं दुसरं व्हावं म्हनून तिनं देवळं पालथी घातली, झालं न्हाय."



चंद्रिका म्हणाली, "वळसंगचं काका काय म्हनलं ठाऊक हाय? रडनारीनं सांगितलं म्हनून पोर जन्माला येतंय व्हय! सगळी हसली, काकू. आई मेल्यावर बी तिला हसली."

मग तिनं माझा हात धरला. तिच्या आईसारखाच तळवा, पीठ नसताना पीठ लागल्यासारखा.

"एक तर आईचं हुतं म्हना. मी गावभर सांगते, कुनाची मजाल हाय बोलायची! न्हाईतर कुनाचं ते सांगा. माझ्या आईला मदल्या मदी लोंबकळत ठिवू नका."

किती सोपं होतं! "व्हय, बसम्माचंच" एवढं म्हणायचं. मी पन्नास वर्षं रडणारी, माझा शब्द लोक मानतात. बसम्माला मुलगा मिळाला असता. मेल्यावर का होईना, पाळण्याची दोरी तिच्या हातात आली असती. तिनं माझ्यासाठी केलं त्याच्यापुढं हे काहीच नाही.

पण मग ते लेकरू कायमचं तिचं झालं असतं.

उद्या सांगते म्हणाले.

५ मार्च

सांगितलं नाही. चंद्रिका दारात आली तेव्हा डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहिले. सिद्धेश्वरीनं तिला चहा दिला. दोघी हळू बोलत होत्या. माझं नाव आलं की थांबत होत्या.

६ मार्च

आज जेवताना सिद्धेश्वरीनं मला करपलेली भाकरी वाढली. चुकून असेल. मी सगळी खाल्ली.

७ मार्च

लिही. ते लेकरू माझं.

मुलगी. तुझ्या नवऱ्याच्या आधीची, त्याला पण ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी मी परातीपुढं बसले होते. बसम्मा भिंतीपलीकडून आली, माझ्या हाताखालची परात ओढून घेतली, आणि त्याबद्दल कधी एक अक्षर बोलली नाही. ठाऊक असलेलं तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि ते समोर बसलं होतं, कपाळभर विभूती लावून. त्याच्यापुढं खोटं बोलता येत नाही. म्हणून तोंडातून गेलं.

आज दुपारी दार लावून माझ्या पोरीसाठी हेल काढायला बसले. पहिली हाकच मारता येईना. हाक मारायला नाव पाहिजे.

चंद्रिकेला बोलाव.

लिहिलंस? आज वाचून दाखवू नकोस.