पुढच्या दाराने

दिनांक ९ फेब्रुवारी

पडलेल्याला उचलताना जो त्याचे नाव विचारीत नाही, त्या करुणानिधीला प्रथम नमन. त्याच्या कृपेने आज लेखणी हाती धरली आहे. ती सरळ चालो.

चिरंजीव टिल्लूस अक्काचे अनेक आशीर्वाद. सेवानिवृत्त मुख्याध्यापकाला टिल्लू म्हणू नये हे मला कळते. पण तुझे नाक ज्या हाताने पुसले तो हात अजून शाबूत आहे, तेव्हा तुझा इलाज नाही. तुझा रक्तदाब कसा आहे? भावजयीचे गुडघे? माझी प्रकृती उत्तम. मोतीबिंदू काढल्यापासून अक्षरे इतकी स्वच्छ दिसतात की पूर्वी मी कित्येक ठिकाणी अंदाजानेच प्रवचन करीत होते की काय, अशी शंका येते. भाच्याचे जहाज सध्या कोणत्या बंदरात आहे, हे मात्र मी विचारणार नाही.

आमच्या सभागृहाची वार्ता ऐक. रोज चार वाजता मी तेथे ग्रंथ वाचून अर्थ सांगते, हे तुला ठाऊक आहे. शेजारच्या दोन खोल्यांत मोडक्या खुर्च्या पडून असत. गेल्या वर्षी एक डॉक्टरीणबाई त्या खोल्या मागायला आल्या. दारू, गोळ्या, पूड यांच्या विळख्यात सापडलेल्यांवर त्या उपचार करतात. त्यांचे केंद्र शहराच्या पार पलीकडच्या टोकाला. दोन बस बदलाव्या लागतात, आणि दुसऱ्या बसचा कंडक्टर तिकीट फाडण्याआधीच ओळखतो की हा कुठे निघाला. त्या नजरेने कितीतरी माणसे अर्ध्या वाटेतून परत फिरतात, असे बाई म्हणाल्या.

विश्वस्तांची सभा बसली. आमचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी, मनाने दिलदार.

"देऊ की खोल्या. पुण्याचं काम आहे," ते म्हणाले. "फक्त त्या लोकांनी मागच्या दाराने यावं."

"का बरं?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"अहो, त्यांचीच अब्रू राहावी म्हणून."

"त्यांची, की आपली?" मी म्हटले.

"अक्का, तुम्ही ग्रंथ सांभाळा, दारं आम्ही बघतो."

बाई व्यवहारी. मिळाले ते त्यांनी पदरात पाडून घेतले. पण मागचे दार उघडते बोळात, आणि बोळात समोरच न्हाव्याचे दुकान. आमचा न्हावी मनाने निर्मळ आहे, जिभेने मात्र गळका. येणारा माणूस बोळाच्या तोंडाशी यायचा, दुकानातल्या आरशात चार चेहरे आपल्याकडे वळलेले पाहायचा आणि दाढीला हात लावून निघून जायचा. बाई रिकाम्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत बसत.

मग ईश्वराने दार फुगवले. ओल धरून ते चौकटीत असे घट्ट बसले की कोणाच्याने हलेना. सुतार म्हणाला, "उद्या येतो." सुतारांचा उद्या कसा असतो, ते तू जाणतोस. नाइलाजाने बाईंनी आपल्या लोकांना पुढच्या दाराने, चार वाजता बोलावले. माझे श्रोतेही तेव्हाच येतात. बाहेर साऱ्यांच्या चपला एकाच ढिगात. त्यातली कोणती ग्रंथासाठी आली आणि कोणती औषधासाठी, हे रस्त्यावरून कोण सांगणार? पाहता पाहता दोन्ही खोल्या भरल्या.

अध्यक्षांनी तो ढीग पाहिला आणि मला हात जोडले. "अक्का, तुमच्या वाणीला काय बहर आलाय. अशी गर्दी आजवर पाहिली नव्हती."

मला ते खरे वाटले, टिल्लू. चपलांच्या मानाने समोर माणसे फारच थोडी आहेत, हे ध्यानात येईपर्यंत मी आवाज चढवून बोलत होते.

त्यातच माझ्या रोजच्या श्रोत्यांतल्या शिंपीणकाकूंनी कहर केला. त्या उशिरा आल्या आणि घाईत चुकीच्या खोलीत शिरल्या. तेथे सारे गोल बसतात आणि आपल्याने जे सुटत नाही ते एकेक जण सांगतो. काकूंना वाटले, अक्कांनी काहीतरी नवीन पद्धत काढली. त्यांची पाळी आली तेव्हा त्या खुशाल म्हणाल्या, "माझी तपकीर सुटत नाही. नवऱ्याला वाटतं सर्दी आहे. लग्न झाल्यापासून मला सर्दीच आहे."

असा हशा उठला की इकडे माझे निरूपण थांबले. नंतर काकू डोळे पुशीत बाहेर आल्या. "आजचं फार छान झालं हो अक्का. पण तुम्ही कुठे बसला होतात?"

चूक कळल्यावरही त्या तेथेच जाऊ लागल्या. "तिथे मध्येच कुणी उपदेश करत नाही," असे मला तोंडावर सांगितले. मी ते गिळले. कदाचित मलाही त्याचे औषध हवे होते. ही हकीकत काकू स्वतःच भेटेल त्याला सांगतात, म्हणून लिहिली. एरवी त्या खोलीतले बोलणे बाहेर न्यायचे नाही, असा तेथला नेम आहे आणि तो मी पाळते.

अखेर सुतार नवी चौकट घेऊन उगवला. काकू त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या. "परत ने बाबा ती. मी पुढच्याच दाराने येणार, तपकिरीसकट." अध्यक्षांना हसू आवरेना. त्यांनी स्वतः हात लावून ग्रंथांचे कपाट मागच्या दाराला टेकवले.

आता तू चष्मा काढून पुसत असशील. अक्का इतकी लांबण का लावते आहे, हे तुझ्या ध्यानात येऊ लागले असेल.

त्या खोलीत सर्वांसाठी चहा करणारा एक तिशीचा तरुण आहे. साखर विसरतो, मग आठवून दुप्पट घालतो. बिघडलेले पंखे त्यानेच दुरुस्त केले. हसला की तुझ्यामाझ्या वडिलांसारखा त्याचा डावा खांदा वर उडतो.

टिल्लू, तुझा मुलगा जहाजावर नाही. तो माझ्याकडे आहे.

तुझ्या शाळेच्या बक्षीस समारंभात तो नशेत पालकांसमोर कोसळला, तू उंबऱ्यात उभा राहून "मला मुलगा नाही" म्हणालास, त्यानंतर तो येथे आला. मी भाजी निवडत होते. पायरीवरूनच म्हणाला, "आत्या, मागच्या दाराने येऊ का?" माझ्या घराला एकच दार आहे, असे मी सांगितले. पुढे दुसऱ्या बसच्या थांब्यावरून तो कितीदा परत आला, ते मी पाहिले आहे. म्हणून त्या मागच्या दारावरून मी सभेत तोंड उघडले होते.

मध्ये एकदा तो घसरला. मी ग्रंथांतली सारी कठोर वचने जमवून बसले होते. डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारले, "आज जेवलास का?" आणि औषध बदलून दिले. मला म्हणाल्या, "अक्का, कुणाची साखर वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढतो का?" मी आयुष्यभर करुणेवर बोलत आले, ती इतक्या साध्या आवाजात असते, हे मला ठाऊक नव्हते.

तुला न कळवण्याचे वचन त्याने घेतले होते. "सांगायचं ते सांगूच, आत्या, पण आधी पाय टेकू दे." आईला अधूनमधून फोन करून बरा आहे एवढेच सांगायचा, तो येथूनच. तू लोकांना जहाजाचे सांगतोस हे कळले तेव्हा खांदा उडवून म्हणाला, "बाबा बिचारे रोज नकाशा घेऊन बसत असतील. मला निदान पोहायला तरी शिकायला हवं." तू ते खोटे प्रेमापोटीच बोललास, हे तो जाणतो. मीही जाणते.

आज सकाळी तो म्हणाला, "आता लिही."

कारण असे. पुढच्या दाराशी एक मेज मांडून, नव्याने येणाऱ्यांना आत नेण्याचे काम डॉक्टरीणबाईंनी त्याला देऊ केले आहे. ते त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःची हकीकत न लपवता करायचे आहे. येत्या गुरुवारी माझ्या निरूपणाच्या वेळी तो सर्वांसमोर बोलणार. तुझ्या गावी ही वार्ता पोचायला दुसरा दिवसही उजाडावा लागणार नाही. मी त्याला म्हटले, थोडा थांब, तुझ्या बाबांना सवड दे. तो म्हणाला, "आत्या, दारावरचाच माणूस तोंड लपवायला लागला तर येणारा आत कसा येईल? बोलायचं तर आहेच. फक्त बाबांना ते दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

तेव्हा माझ्याकडून कळू दे. कोणी विचारले तर सरळ सांग: मुलगा आजारी होता, उपचार मिळाले, बरा होतो आहे. हृदयाच्या दुखण्याविषयी जसे सांगशील, तसे. पहिल्या वेळी जीभ अडेल. शिंपीणकाकू म्हणतात, दुसऱ्या वेळी अडत नाही.

आणि गुरुवारी ये. भावजयीला घेऊन ये. पायऱ्या तीनच आहेत. तो क्षमा मागणार की तू मागणार, याचा विचार बसमध्ये करू नका. त्याने अजून तसे काही म्हटलेले नाही. हे लिहीत असता आत डोकावून एवढेच सांगून गेला, "बाबांना मागे बसून ऐकू येत नाही. त्यांची खुर्ची पुढे ठेवतो."

हे पत्र तू भावजयीला वाचून दाखवशील, आणि पुढे कदाचित, ज्याच्या घरात असेच एखादे जहाज चालले आहे अशा कोणालाही. त्या सर्वांना माझा आशीर्वाद: ज्यांनी हे वाचले वा ऐकले, त्यांच्या घरचे जे कोणी दूर गेले आहे ते सुखरूप परतो, त्याला वेळेवर वैद्य भेटो, आणि त्याचे नाव मोठ्याने उच्चारण्याचे बळ आप्तांच्या कंठी येवो.

तुझी, आणि तुझ्या लेकाची,
अक्का