अप्पांनी लावलेली ड्यूटी

३ मार्च

चि. बब्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. अप्पांची कामं वाटून घ्यायच्या तुझ्या त्या अ‍ॅपला आपण अप्पांचा फोनही जोडून ठेवलाय, गोळीची घंटा वाजावी म्हणून. त्यांना घंटेपलीकडे काही कळत नाही, पण विषाची परीक्षा कशाला?

डॉक्टरांनी काल मला बाजूला घेतलं. अप्पांच्या यकृतातली गाठ पसरलीय. या वयात ऑपरेशन झेपणार नाही, फार दिवस धरून चालू नका, असं स्पष्टच म्हणाले. अप्पांना मी पोटाला सूज आहे एवढंच सांगितलंय. ते बरं म्हणाले आणि चहात साखर कमी पडली म्हणून माझ्यावरच डाफरले.

रिपोर्ट सोबत पाठवतेय. अजून ते काठी टेकत गॅलरीपर्यंत जातात, माणसं ओळखतात, बोलतात. तोवर येऊन जा. माझं घर दोन गल्ल्या टाकून, मी रोज जाते-येते, त्याचं काही नाही. पण आंघोळ घालताना त्यांची हाडं हाताला लागतात आणि मला रडू आवरत नाही. अशा वेळी आपलं माणूस शेजारी हवं रे.

तुझे भावजी आठवण काढतात. आहे ती माया तशीच असू दे.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इथे ओळखीचे एक डॉक्टर आहेत, त्यांना दाखवायला सोपं जावं म्हणून रिपोर्टचा फोटो काढून अ‍ॅपवर चढवला. आपले सगळे कागद तिथेच असतात ना. तेही तेच म्हणाले.

यायचं म्हणतेस, पण नव्या कारखान्याचं काम माझ्या गळ्यात आहे. जुलैशिवाय सुटका नाही. औषधं मागवणं, बिलं, डॉक्टरांची वेळ घेणं, इथून होण्यासारखं आहे त्यात मी कसूर करत नाही. म्हणूनच एक गोष्ट मनाला लागली. परवा अ‍ॅप उघडलं, तर एप्रिलभर सगळ्या कामांपुढे माझंच नाव. आंघोळ, दवाखाना, रात्रीची सोबत. तुझं कुठेच नाही. टोमणा मारायचा होता तर पत्रात मारायचास. लहानपणी सरळ धपाटा घालायचीस, तेच बरं होतं.

रागात लिहिलंय, पोटात घाल. लोभ कमी करू नकोस.

तुझा,
बब्या

२३ मार्च

चि. बब्यास, अ. उ. आ.

अरे, मी कशाला टोमणे मारू? ते नाव मीही पाहिलं होतं. मला वाटलं, तू रजा काढलीस आणि गुपचूप सगळं अंगावर घेतलंस. वेडी मी, तुझी खोली झाडून घेतली, गादीला ऊन दाखवलं. तुझं पत्र वाचलं आणि गादी परत गुंडाळून ठेवली.

शेवटी अप्पांना विचारलं. ते पेपर बाजूला न ठेवताच म्हणाले, की ड्यूटी मी लावलीय. बस डेपोत जन्मभर ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावल्या, आता दोन पोरांच्या लावायला कुणाची परवानगी लागते का?

रिपोर्टही त्यांनी वाचलाय. तू चढवलास तेव्हा त्यांचा फोन वाजला, त्यांना वाटलं गोळीची वेळ झाली. आपण त्यांना सूज सूज म्हणत फसवत होतो आणि ते आपल्याला सांभाळून घेत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी नुसता डोक्यावर हात ठेवला.

त्यांचं पत्र सोबत आहे. मी वाचलेलं नाही. तब्येतीला जप.

तुझी,
ताई

२३ मार्च

चि. बब्यास, अनेक आशीर्वाद.

हात कापतो, तेव्हा अक्षर लावून वाच. ताईला बोल लावू नकोस.

डेपोत माझा एक नियम होता. एकाच माणसाला सारखी घाटाची गाडी द्यायची नाही. चांगला ड्रायव्हर कुरकुर करत नाही, म्हणून त्याच्याच गळ्यात मारत राहायचं हा अन्याय आहे, आणि एक दिवस त्याचा डोळा लागतो. तुझ्या बहिणीने वर्षभर घाटाचीच गाडी चालवली. ती मागणार नाही, म्हणून मी तिला रजा दिली.

रिपोर्ट वाचून भीती वाटली, खोटं कशाला बोलू? दोन दिवस घास उतरला नाही आणि ताईला वाटलं सूज वाढली. मग म्हटलं, राहिलेल्या दिवसांचा चार्ट तरी आपल्या हाताने लावावा.

तू पाठवतोस ती औषधं वेळेवर येतात. तक्रार काही नाही. पण आपण बापलेक कायम कामापुरतंच बोललो. मला तुझ्याशी एकदा बिनकामाचं बोलायचं आहे. आंघोळ तुला जमणार नाही, पाणी फार कढत काढशील, तरी चालेल.

तू जुलै म्हणतोस असं कळलं. मी एप्रिलपर्यंतच नावं घातली आहेत. पुढचे महिने उघडून पाहिले आणि तसेच मिटले. मला तू हवा आहेस, आणि तू दारात आलास की मला तू ओळखू यायला हवास.

घरच्यांना आशीर्वाद. निघालास की कळव.

तुझे,
अप्पा