सात नंबरच्या मशीनची पिक्चर ट्यूब

मी, व्हिडिओ गेमच्या मशिनी दुरुस्त करणारा, वय एकाहत्तर, हृदय निकामी पण डोके जागेवर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. दुकान शेजारच्या शिंप्याला द्यावे. ते भावजयीला द्यायचे होते. का दिले नाही ते पुढे येईल.

२. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला माझ्याकडची सर्वांत जळकी ट्यूब पोचवावी. पडद्यावर एकच चित्र वर्षानुवर्षे राहिले की त्याचा डाग काचेच्या आतून कायमचा उमटतो. पुसता येत नाही, ट्यूबच बदलावी लागते. हा गृहस्थ महिनाभर पडदा पांढरा ठेवून उरलेला भागही तेवढाच जाळायचा आणि ‘नव्यासारखी आहे’ म्हणत माझ्या गळ्यात मारायचा.

३. बावीस वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ अशीच डागाळलेली ट्यूब काढताना गेला. मशीन बंद केली तरी ट्यूबमध्ये वीज साठून राहते. ती आधी उतरवावी लागते. ते काम माझे होते. सहा आणि सात नंबरच्या मशिनी अगदी सारख्या. डाग सातवर होता, पण तो पुढूनच दिसतो. मागच्या बाजूला जाऊन मी सातऐवजी सहाची वीज उतरवली.

त्याने विचारले, “दादा, उतरवलीस ना?”

“हो रे, घाल हात.”

झटक्याने तो मागे फेकला गेला आणि डोके लोखंडी टेबलावर आपटले. लोकांना मी सांगितले, “घाई नडली त्याला.” चुकीचे मला दुःख आहे. खोटे बोललो, त्याची लाज वाटते.

४. भावजयीला काल हे वाचून दाखवले.

“भाऊजी, पोराला मी लहानपणापासून सांगत आले, बापासारखा धांदरटपणा करू नकोस. मला नको तुमचं दुकान.”

मी माफी मागितली. तिने दिली नाही, आणि तिचे बरोबर आहे. पुतण्या रविवारी येतो आहे. त्याला मी स्वतः सांगायचे ठरले आहे. त्याआधी मी गेलो, तर तिसरे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

दुसरा साक्षीदार मिळत नव्हता, आणि ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. ती म्हणाली, “मला काही मिळणार नाही ना आता? मग सही मी करते. उद्या कोणी म्हणायला नको, म्हातारा भ्रमात होता.”

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: ९ जून २०२३

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार १: माझे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: मयत भावाची पत्नी (सही)