पिकवणारे हात

मौजे पिंपळखुटे, नांदगाव पेठेजवळ
आश्विन वद्य ६, शके १७८६

ति. स्व. शेषरावमामांच्या पायी जमुनाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. आमी इथं सगळे खुशाल. पार्बतामामीचा गुडघा कसा आहे ते मागच्या पत्रात तुमी लिहिलंच नाही, या वेळेस लिहा.

आता जे लिहिते ते वाचून तुमाले हसू येईल. हसून झाल्यावर पत्र पुन्हा एकदा वाचा. पंधरा दिवसांमागं मी नाल्याकाठची सीताफळं तोडून ओटीत घेतली. दगडासारखी हिरवी होती, भुशात चार दिवस दाबावी लागतील अशी. शेतातून घर अर्धा कोस. घरी येऊन ओटी सोडली तर सगळी पिकून फुटलेली, लुगडं चिकट झालेलं. सासूबाई म्हणाल्या की इतकी पिकलेली तोडलीच काहून. मले वाटलं, आपलीच नजर चुकली असेल. मग दुधाचं सुरू झालं. धारेचं भांडं पोटाशी धरून गोठ्यातून चुलीपर्यंत आणलं की त्याचं दही. तीनदा झालं. आता सासूबाई मले दुधाले हात लावू देत नाहीत. माझ्या अंगात कडकी आहे म्हणतात.

परवा पऱ्हाटीत निंदण होतं. तुमचे जावई चार दिवसांपासून गाडी घेऊन अमरावतीले गेलेले, काही निरोप नाही, म्हणून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उगीच एक हिरवं बोंड मुठीत धरलं. मूठ गरम झाली, अन् उघडली तर बोंड फुटून कापूस बोटांतून बाहेर आलेला, पांढरा, कोरडा. दुसरं धरलं, तेही फुटलं. तिसऱ्याले काही झालं नाही. चौथं फुटलं. मामा, फुटलेल्या तीन बोंडांपेक्षा मले त्या न फुटलेल्याचीच जास्त भीती वाटून राहिली आहे. मी काय केलं अन् काय नाही केलं, हेच समजत नाही.

माझ्या आईले असं काही होतं का? ती पटकीनं गेली तेव्हा मी वर्षाचीही नव्हती, म्हणून तुमाले विचारते. तुमी मले धुळाक्षरं शिकवली नसती तर हे मी कोणाजवळ बोलली असती? पत्र जानराव गाडीवानाजवळ दिलं आहे, तो कापूस घेऊन अकोल्यावरून खामगावले जातो. उत्तर त्याच्याच हाती द्या. मामीले नमस्कार, अन् माझ्यावर जशी माया आहे तशी राहू द्या.

तुमची
जमुना


अकोला
कार्तिक शुद्ध ३, शके १७८६

चि. सौ. जमुना हिस शेषरावमामाचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. जानरावानं दिवाळीचं खायला मिळेपर्यंत ओटा सोडला नाही, त्यामुळे मामीनं त्याच्याकडून तुझी सारी खबर काढून घेतली. तू वाळलीस म्हणतो. मामीचा गुडघा आहे तसाच आहे, तोंड मात्र चांगलं चालतं. तिचं म्हणणं, अशी भाची जवळ असती तर विरजणाची कटकट गेली असती.

अगं, या सालचा आश्विन फार तापला. आमच्या शाळेच्या मागची सीताफळंही दोन दिवसांत पिकली. तापलेलं भांडं धरलं तर दूध नासतं, त्यात नवल नाही. बोंडंही उन्हानं फुटायच्या बेतात असतील. या दिवसांत साऱ्या वऱ्हाडाला कापसावाचून दुसरं काही दिसत नाही, मग तुलाही तेच दिसणार. इथं गाड्यांची रांग नदीपासून गावाच्या वेशीपर्यंत लागते, मुलं शाळेत यायची सोडून बैल मोजत बसतात.

आईबद्दल विचारलंस. ती उत्तम सुगरण होती.

तरी बोंडाची गोष्ट कोणाला दाखवू नकोस. अन् कोणी लहान मूल हातात देऊ लागलं तर घेऊ नकोस, काहीतरी कारण काढ. गरोदर बाईजवळ बसलीस तर हात पदरात ठेव. हे मी उगीच लिहितो आहे असं समज, पण ऐक. जावयांना रामराम सांग आणि या म्हाताऱ्याला पत्रानं भेटत जा.

तुझा
शेषरावमामा


पिंपळखुटे
कार्तिक वद्य ९, शके १७८६

ति. स्व. मामांना जमुनाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आईचं तुमी एका ओळीत उरकलं. अन् मुलांचं, गरोदर बायांचं मी तर काही लिहिलंच नव्हतं. माझ्या थोरल्या जाऊबाई सत्यभामाबाईले पाचवा महिना लागला, हे तुमाले कोणी सांगितलं? जानरावाले तर ठाऊक नाही.

तुमी कोणाले दाखवू नको म्हटलं, पण पत्र येण्याआधीच सासऱ्यांनी पाहिलं होतं. मी बांधावर एकटी बोंडं धरून पाहत होती, ते मागं उभे. मले वाटलं आता घराबाहेर काढतील. त्याईनं पागोटं सारखं केलं अन् कापसाले नमस्कार केला. मग माझ्यासमोर खाली बसून बोलले, सून म्हणून नाही, मोठ्या माणसाशी बोलतात तसे. म्हणाले की अमेरिकेतली लढाई चालू आहे तोवर आपल्या कापसाले सोन्याचं मोल आहे, पण लढाई कधी मिटेल याचा भरोसा नाही, अन् कार्तिकात अवकाळी आला तर बोंडं सडतात. तू फक्त पऱ्हाटीच्या तासातासानं, ओळीओळीतून, फिर बेटी, म्हणाले. मामा, मले आजवर कोणी काही मागितलं नव्हतं.

मी तीन दिवस फिरली. हात दोन्हीकडं पसरून, पऱ्हाटीले लावत. मागं वळून पाहिलं की शेत पांढरं होत यायचं. खोटं काहून लिहू, मले फार आनंद झाला. आपण कोणीतरी आहो असं वाटलं. सगळ्यांच्या आधी आमच्या गाड्या अमरावतीले गेल्या. सासऱ्यांनी मले हिरवं पातळ आणलं.

दहा दिवसांनी पऱ्हाटी वाळली. सगळी. दरसाल तीन वेचण्या होतात, या सालची एकच झाली. वेचणाऱ्या बायांमधल्या मनकर्णाबाई परवा आल्या होत्या. त्या भांडल्या नाहीत. फक्त विचारलं की पुढच्या दोन वेचण्यांची मजुरी गेली, आता आमच्या चुली कशावर पेटवायच्या ते त्या पातळवालीले विचारा. मी आतच होती. मले बाहेर जायचा धीर झाला नाही.

चांगलं केलं की वाईट, हे मले कोणी सांगत नाही. तुमी तरी सरळ लिहा. मामीच्या गुडघ्याले एरंडाचं पान बांधा. माझ्यावर रागावू नका.

तुमची
जमुना


पिंपळखुटे
पौष शुद्ध १०, शके १७८६

शेषरावमामा यायले तुमचा जावई सहदेवचा रामराम. हे पत्र म्या सोता लिवलं आहे. जमुनेनं मले अक्षरं शिकवली, म्हनून चुकलंमाकलं तिच्या नावावर टाका. हे लिवल्याचं तिले सांगू नका.

मंगळवारी सत्यभामाभाबी इहिरीवर पानी भरून राहिली होती. पाय घसरला. जमुना जवळच होती, तिनं दंडाले धरून वर ओढलं. न धरती तं भाबी इहिरीत गेली असती, हे सगळ्यायनं पाह्यलं. पन सांजच्याले भाबीचं पोट दुखाले लागलं. सातवाच महिना. माय रडाले बसली. अन् पोरगं झालं ते पुऱ्या दिवसाचं. डोक्यावर केस, बोटाले नखं, मोठ्यानं रडून राहिलं. भाबीचं मात्र रगत लई गेलं. अजून उठत नाही. घरात पेढे वाटावे का देव पान्यात ठेवावे, कोनालेच समजलं नाही. बाबानं दोनी केलं.

तवापासून जमुना हाताले फडकी गुंडाळून राहते. पोराकडे पाहत नाही. गोठ्यात झोपते. मले जवळ येऊ देत नाही. म्या म्हटलं मी भेत नाही, तं म्हनते मीच भेते. तिकून बाबाकडे गावोगावचे लोक येऊन राहिले. आमच्या वावरातून तुमची सून फिरवा म्हन्तेत.

एक गोष्ट फक्त तुमाले सांगतो. ज्या दिवशी मी अमरावतीहून वापस आलो त्या दिवशी तिनं माझं मनगट धरलं होतं, खुशीनं. तिथले केस पांढरे झाले अन् चामडी बाबाच्या हातासारखी झाली. मी त्याच्यावर फडकं बांधतो. तिनं पाह्यलं तं ती माह्यापासून कायमची दूर जाईन. तुमाले काही ठाव असन तं आता सांगा. लपवू नका. मोठ्यायचा मान ठेवून सांगतो.

तुमचा
सहदेव


अकोला
पौष वद्य ४, शके १७८६

चि. जमुना हिस आशीर्वाद. हे पत्र एकटी बसून वाच.

मी तुझ्याशी खोटं बोललो. तुझी आई लीला, माझी पाठची बहीण, पटकीनं गेली नाही. तिच्या हातात जे होतं तेच तुझ्या हातात आहे. तिनंही दुधापासून सुरुवात केली. तुझे वडील तू पोटात असतानाच वारले, म्हणून बाळंतपणाला ती माझ्याकडे आली आणि तू झालीस. तिला तुझ्यावाचून दुसरं कोणी नव्हतं. ती तुला खाली ठेवीतच नसे. तिसऱ्या महिन्यात तू रांगलीस. पाचव्यात चालू लागलीस. आम्ही कौतुक करीत होतो. ती मात्र एके दिवशी तुझी पावलं पाहून हादरली. म्हणाली, दादा, मी हिचं आयुष्य खाऊन राहिली आहे.

त्याच दिवशी तिनं तुला मामीच्या मांडीवर दिलं आणि परत घेतलं नाही. मी तिला चिखलदऱ्याच्या घाटाखाली, सलोना नावाच्या वस्तीत सोडून आलो. ती गुरं राखीन म्हणाली. दोनदा भेटलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ती तिथं नव्हती. कोणी म्हणालं वर रानात गेली, कोणी म्हणालं गेली म्हणजे गेलीच. मी लोकांना पटकी सांगितलं, कारण दुसरं काय सांगणार होतो? अंगकाठी पाहून तुझं वय सगळे सतरा धरतात. जन्मटिपणात तू सोळाची आहेस. एक वर्ष तिच्या मांडीवर गेलं.

ती जाताना एवढंच म्हणाली होती की हात आपले आपण काही करीत नाहीत, मनाला घाई झाली की करतात. ते खरं की तिची समजूत, मला ठाऊक नाही. मी मास्तर आहे, मुलांना रोज उत्तरं सांगतो, पण हे मला सोळा वर्षांत सुटलं नाही.

म्हणशील तर मी गाडी घेऊन तुला न्यायला येतो. रागावलीस तरी उत्तर पाठव. मामी शेजारी बसून रडते आहे, तिचाही आशीर्वाद घे.

तुझा
शेषरावमामा


पिंपळखुटे
माघ वद्य ८, शके १७८६

ति. स्व. मामांना अन् मामीले जमुनाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. महिनाभर उत्तर लिहिलं नाही, कारण मी रागावली होती. आता राग आहे की नाही ते समजत नाही. तुमी आईले सोडून आले म्हणून राग, की तिनं मले सोडलं म्हणून, की ती तशी गेली नसती तर आज मी कदाचित म्हातारी असती म्हणून? एका रागाले धरावं तर दुसरा निघतो. गाडी घेऊन येऊ नका. उन्हाळा लागला की आमी दोघं सलोन्याले जाऊन येणार आहो. भेटेल, न भेटेल. तुमचे जावई मनगटाले फडकं बांधून फिरतात, विचारलं तर काटा रुतला म्हणतात. मी पुन्हा विचारलं नाही.

शेजारच्या गावचे खुशालराव नारळ अन् लुगडं घेऊन आले होते. त्यांची पेरणी मागं पडली, बोंडं अजून हिरवी आहेत, अन् लढाई मिटणार अशी आवई बाजारात उठली आहे. सासऱ्यांनी त्याईले आधीच शब्द दिला होता. मी डोईवर पदर घेऊन बाहेर गेली अन् सगळ्यांसमोर म्हटलं की मी फिरणार नाही. सासरे म्हणाले, तुझ्या हातात लक्ष्मी आहे, तिले काहून लाथाडते. मी म्हटलं, ती लक्ष्मी येऊन गेली त्या वावरात आज काडी उभी नाही, मनकर्णाबाईच्या घरचे लोक कामाले परमुलखात गेले, अन् जाऊबाई अजून भिंत धरून चालते. ते म्हणाले की बोंडं फुटायच्या आधी लढाई मिटली तर या माणसाचं काय? मी म्हटलं, मग बोंडं लढाईनंतर फुटतील. हे मी बोलली यावर माझाच विश्वास बसेना. तुमचे जावई माझ्याजवळ येऊन उभे राहिले. सासरे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. वाईट माणूस नाही तो. त्याईचे डोळे पाहून मले वाटते, आपण चुकलो का.

पण पत्र लिहायचं कारण दुसरं. गेल्या सोमवारी फार गारठा पडला. सगळे वावरात, सासूबाई नांदगावले. घरात मी अन् जाऊबाई, अन् जाऊबाई तापाची हुडहुडी भरून पडलेली. पोरगं रडायचं थांबलं म्हणून मी पाहिलं तर ओठ निळे, हातपाय गार. चुलीजवळ धरलं, गोधडी गुंडाळली, ऊब लागेना. जाऊबाईनं पडल्या पडल्या म्हटलं की फडकी सोड अन् त्याले उघड्या अंगाशी घे, तुझे हात नेहमी गरम असतात. मी नाही म्हटलं. तुमी लिहिलेलं सगळं तिले सांगितलं, आईचंही. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणाली, म्हातारं होऊन जगलं तरी चालते, आधी जगू तर दे.

मी फडकी सोडली. त्याले छातीशी घेतलं. पहिले माझे हात तापले, बोंड धरलं तेव्हासारखेच, कारण मी मनात म्हणत होती की लवकर बरा हो, लवकर. मग आईचं म्हणणं आठवलं. पण घाई करायची नाही म्हणजे काय करायचं, हे तिनं कुठं सांगितलं? मी त्याच्या श्वासाकडं पाहत बसली. हा श्वास आला. हा गेला. पुढचा आला तर आला. किती वेळ गेला कळलं नाही. हातातली आग उतरून नुसती ऊब राहिली. दुपार कलली तेव्हा तो हलला अन् दूध शोधू लागला. जाऊबाईच्या कुशीत दिला, तो प्याला.

दोघंही आता बरी आहेत. मी मात्र रोज सकाळी दोरा घेऊन त्याचं पाऊल मोजते. आठ दिवसांत दोरा थोडा पुढं सरकला. मामा, मले काल रडू आलं. मग शेजारणीच्या पोराचंही मोजलं, तर त्याचंही सरकलं होतं. मुलं वाढतातच. त्यात माझ्या हातानं किती अन् दिवसानं किती, हे मी कसं ओळखू? जाऊबाईले विचारलं, तर ती म्हणाली की पोटच्या लेकराचंही कोणत्याच बाईले सांगता येत नाही, अन् पोरगं माझ्या मांडीवर टाकून भाकऱ्या थापायले गेली.

लिहिता लिहिता तो आताही मांडीवरच आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं. माया असू द्या.

तुमची
जमुना