बेमालूम जोड

३ ऑगस्ट

पोचले एकदाची! जीपनीच्या टपावर माझी बॅग, कोंबड्यांचं एक खुराडं आणि कुणाचं तरी शिलाई मशीन, तिन्ही शेजारी शेजारी आदळत आले. पुंता बालुदला उतरले तेव्हा कंबर माझी राहिली नव्हती. पण समोर समुद्र, आणि स्वागताला खुद्द दिग्दर्शक, दिरेक तेबान, दोन्ही हातांत शहाळी घेऊन उभे. म्हणाले, "या बाई, लग्नांतून सुटलात!"

खरंच सुटले. इलोइलोत सात वर्षं लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापले. नवरीच्या आत्याचं रडणं कुठे ठेवायचं आणि केक किती वेळ कापायचा, यातच तिशी आली. आता पहिला खराखुरा सिनेमा. पडद्यावर नाव येणार : संकलन, गेरलिन तुमाबिनी.

राहायला नांग पुरिंगच्या, म्हणजे सगळ्या गावाच्या पुरिंगताईच्या, घराची माडी आहे. सिनेमा तिच्याबद्दलच आहे. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा लुसियो आणि धाकटा भाऊ इतोय मासेमारीला गेले ते परतलेच नाहीत. होडी गावातल्या नोंग सेल्मोची, सेल्मोदादाची, होती. त्याच्या चार होड्या आहेत. एवढं ऐकून मी घाबरतच जिना चढले होते, पण बाई पन्नाशीची, गोल, आणि हसली की पोट धरून हसणारी. आमच्या हार्ड डिस्क दमट हवेनं खराब होऊ नयेत म्हणून दिरेकनी त्या तांदळाच्या डब्यात पुरल्या आहेत. ती म्हणाली, "मी आहे ना गं त्या डब्यात? मग झाकण नीट लाव, दाय. मुंग्या लागतील मला." तिशीतली मी इथे दाय झाले, पोर झाले!

७ ऑगस्ट

एकशे दहा तासांचं चित्रीकरण आहे. सकाळी सहाला बसते, दुपारी समुद्रावरून वारा सुटला की खिडकी लावून घेते, दिवे लागायच्या आत उठते. प्रत्येक क्लिपला नंबर, शेजारी वहीत दोन ओळी. दिरेकना कॅमेरा धरता येतो, हे कबूल करायला हवं. त्यांना थांबता येतं. माणूस बोलून संपला तरी ते कॅमेरा बंद करत नाहीत, आणि खरं काय ते त्यानंतर येतं.

चारच्या सुमाराला नांग पुरिंग उकडलेली केळी घेऊन वर येते आणि माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावते. आज म्हणाली, "अगंबाई, ही म्हातारी कोण?" मग नाक जरा बारीक करता येईल का, असं विचारलं. येत नाही म्हटल्यावर, "मग सात वर्षं शिकलीस काय?"

मला ही बाई फार आवडते.

९ ऑगस्ट

आज सतरा नंबरची क्लिप पाहिली. पाहिल्यावर उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

नांग पुरिंग मागच्या अंगणात सुकी मासळी निवडत बसली आहे. बोलता बोलता थांबते. दिरेक नेहमीसारखे गप्प. मग ती सांगते. त्या सकाळी नोंग सेल्मो स्वतः किनाऱ्यावर आला होता. आभाळ बघून दोघांना परत पाठवलं. लुसियो घरी येऊन पुन्हा आडवा झाला, त्याला बरंच वाटलं होतं. हिनं त्याला हलवून उठवलं. सहा दिवस घरात बसलायस, म्हणाली. बायकांत बसून मासळी निवड, म्हणाली. तो उठला, मेव्हण्याला हाक मारली आणि मालकाला न विचारता होडी काढली.

शेवटी ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "नोंग सेल्मो म्हणाला, जाऊ नका. मी म्हटलं, जा."

तीन वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर दोन मिनिटं नुसता तिचा चेहरा आहे. सिनेमा तिथे आहे, असं मी वहीत लिहिलं.

१४ ऑगस्ट

हे लिहायला नको वाटतंय, तरी लिहिते.

सिनेमा सतरा नंबरवरच उभा राहील असं मी म्हटल्यापासून, गेले पाच दिवस, दिरेक अस्वस्थ आहेत. मनिलाच्या महोत्सवाला त्यांनी लिहून दिलं होतं की सिनेमा होड्यांच्या मालकांवर आहे, वादळात गरिबांना पाण्यात ढकलणाऱ्या माणसांवर. आणि इथे मालक निघाला भला. ते जेवेनात. चित्रपट मेला, म्हणाले. मला त्यांचं वाईट वाटलं. नाही, हे खरं नाही. मला माझं नाव पडद्यावरून पुसलं जाताना दिसलं.

त्यांनी मला कापायला सांगितलं नाही. मीच म्हणाले, "थांबा दिरेक. एक करून बघू?"

"नोंग सेल्मो म्हणाला" एवढं ठेवलं. मधलं काढलं. पुढचा "जा" उचलून त्याला चिकटवला. मधे श्वास कमी पडत होता, म्हणून अंगणातली शांतता दुसरीकडून आणून भरली. ओठ जुळेनात, तेव्हा चेहऱ्याऐवजी तिच्या हातांचं दृश्य टाकलं. मासळी निवडणारे हात, बोटांना खवले, अंगठ्याला कापल्याची खूण. जोड इतका बेमालूम झाला की मलाच कळेना, कुठे आहे.

"नोंग सेल्मो म्हणाला, जा."

दिरेकनी तीनदा ऐकलं आणि मला मिठी मारली. मी विचारलं, पण त्यानं तसं म्हटलं नव्हतं ना? म्हणाले, "यानं नसेल म्हटलं. शंभर मालक म्हणतात की नाही? आपण त्या शंभरांचं बोलतोय, गेर."

मला हे पटलं. चार वाजता नांग पुरिंग वर आली तेव्हा मी पडदा झाकला.

१९ ऑगस्ट

दिरेक मनिलाला गेले. जाण्याआधी तीन मिनिटांचा ट्रेलर सोडला. माझा जोड त्यात शेवटी आहे. दोन दिवसांत हजारो लोकांनी पाहिला. लग्नांच्या धंद्यातल्या माझ्या जुन्या मालकानं कळवलं, "पोरी, रडवलंस." खोटं कशाला सांगू, मी तो निरोप चार वेळा वाचला.

२१ ऑगस्ट

गावातल्या फोनांवर ट्रेलर आला आहे.

नोंग सेल्मोच्या होडीवर कुणीतरी शेण फासलं. त्याची मासळी आज कुणी उचलली नाही. चर्चमध्ये त्याची बायको बसली, तशी ती ओळ रिकामी झाली. मी मागे होते. मीही उठले. का उठले?

नांग पुरिंगनं शेजारणीच्या फोनवर पाहिला, हे मला जिन्यावरून दिसलं. वाटलं, आता वर येईल, झिंज्या धरील. मी वाट बघत बसले. ती आली, केळी ठेवली, आणि पडद्यात न डोकावता खाली गेली.

२३ ऑगस्ट

आज दुकानाशी बायका जमल्या होत्या. एकीनं नांग पुरिंगला विचारलं, खरं का गं ते? ती म्हणाली, "नोंग सेल्मो म्हणाला, जा."

मी तिच्यासमोर हातभर अंतरावर होते. आधी वाटलं, बाईनं खोटं पत्करलं. तिच्या छातीवरचा दगड मी उतरवला, तर ती का परत उचलेल? क्षणभर हलकंही वाटलं मला.

पण तिनं ते माझ्या जोडासारखं म्हटलं. मधे श्वास नव्हता. आणि ती बोलत असताना मला तिचा चेहरा दिसला नाही. मला फक्त तिचे हात दिसले. मासळी निवडणारे, खवले लागलेले. ती तर हातात साबणाची वडी घेऊन उभी होती.

वाक्य संपलं. चेहरा परत आला. ती हसत होती.

२४ ऑगस्ट

सकाळी तिला स्वयंपाकघरात गाठून सरळ विचारलं. नांग, त्या दिवशी तुम्ही लुसियोला उठवलं होतं ना? ती माझ्याकडे बघत राहिली, जसं मी परक्या भाषेत बोलतेय. मग म्हणाली, "नोंग सेल्मो म्हणाला, जा." पुन्हा हात. या वेळी वाक्य संपल्यावरही बराच वेळ हातच.

धावत वर आले. तांदळात हात घालून मूळ डिस्क काढली. सतरा नंबर. तिला मी कधीच कात्री लावली नव्हती, मूळ डिस्कला लावतच नाहीत.

अंगण. ती बसली आहे. थांबते. "नोंग सेल्मो म्हणाला," आणि चेहरा जाऊन हात येतात. "जा."

जोड नाही तिथे. मी एकेक चित्र पुढे सरकवून पाहिलं. सलग आहे. त्यानंतरची ती दोन मिनिटं, जिथे तिचा चेहरा होता, तिथेही हात आहेत. मासळी कधीच संपली आहे. हात निवडतच आहेत.

२५ ऑगस्ट

दिरेकना फोन केला. सगळं सांगितलं. हसले. म्हणाले, झोप काढ. मी म्हटलं, निदान तुम्हाला तरी आठवतं ना, ती मुळात काय म्हणाली होती? ते म्हणाले, "मुळात म्हणजे? तिनं तेच म्हटलं होतं. तूच तर ती ओळ शोधून काढलीस, गेर. सगळं श्रेय तुझं."

श्रेय माझं.

जेवताना नांग पुरिंग समोर बसली होती. ती आज काहीच बोलली नाही, तरी चेहरा दिसला नाही. ताटाच्या वर नुसते हात. मी मान खाली घालून जेवले.

२६ ऑगस्ट

दुपारी नोंग सेल्मोकडे गेले. बाराच्या उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी. पाय धरीन, म्हटलं. गावासमोर सांगीन.

तो जाळं विणत होता. किडकिडीत, माझ्या वडिलांच्या वयाचा. मला ओळखून त्यानं बाक पुढे सरकवला. अजून बाक देतो मला!

मी तोंड उघडलं. मी म्हणणार होते की मी तुमचं वाक्य कापलं. माझ्या तोंडून माझ्याच आवाजात आलं, "तुम्ही म्हणालात, जा."

पुन्हा प्रयत्न केला. तेच. तिसऱ्यांदा तेच. मी तोंडावर हात दाबून धरला.

तो रागावला नाही. म्हणाला, "दाय, मला आठवतं, मी नको म्हटलं होतं. निदान आठवत होतं. पण ते चित्र पाहिल्यापासून ती सकाळ आठवू गेलो की बाईचे हात दिसतात. पुढचं लागत नाही." मग हळूच म्हणाला, "मी खरंच पाठवलं का गं पोरांना? तू ऐकलंस ना सगळं? गावात ऐकलेली तूच एकटी आहेस. सांग."

मी पळून आले.

२७ ऑगस्ट

वारा. हाबागातनं, इथल्या पावसाळी वाऱ्यानं, सकाळपासून समुद्र उचलला आहे. बंदरावर लाल बावटा.

या वहीतलं नऊ तारखेचं पान काढलं. माझं अक्षर आहे. त्या ओळीपाशी आले की — वाचता येत नाही. ओळीवर हात आहेत.

पान नेऊन नोंग सेल्मोला दाखवलं. त्यानं खूप वेळ बघितलं. म्हणाला, यात कुणीतरी मासळी निवडतंय.

नांग पुरिंग जिन्याखाली उभी असते. काही करत नाही. मला लाज वाटते तिच्यासमोरून जायची. चेहरा नसलेल्या बाईची लाज वाटते — मीच काढला तो —

२८ ऑगस्ट, सकाळ

किनाऱ्यावर आरडाओरड. नोंग सेल्मोनं होडी ओढली आहे. एकटा. बायको त्याला लोंबकळते आहे. गाव बघत उभं आहे, कुणी पुढे होत नाही. आणि तो म्हणतोय, मी पाठवलं असेल दोघांना, तर मीही जातो, हिशेब सरळ.

मी खाली धावले. गुडघाभर पाण्यात. तो थांबला माझ्यासाठी! म्हणाला, "दाय, मी काय म्हणालो होतो त्या दिवशी, तेवढंच सांग. मी थांबतो."

तोंड उघडलं नाही मी. उघडलं असतं तर काय आलं असतं, ते माहीत आहे. खुणेनं सांगितलं — थांबा, लिहून आणते —

वर आले. जुनं पुसलं गेलं तर गेलं. नवं लिहीन. दोनच शब्द आहेत. खरं तेच आहे आणि त्याला आता सांगायचंय तेही तेच —

खिडकीतून दिसतोय तो. होडी पाण्यात आहे, एक पाय आत. इकडे बघतोय. पान उंच धरलं तरी त्याला दिसेल, मोठ्या अक्षरात —

माझ्या बोटांवर खवले — नाही. बघायचं नाही. लिही, गेरलिन. लिही —

नोंग सेल्मो, तुम्ही म्हणाला होतात, जा