पेन्सिलीने लिहिलेलं नाव

प्रिय चिमे,

पाठकोरा कागद पाहून हसशील. हस. अर्धा कागद वाया घालवायला माझा जीव होत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तुझे बाबा बरे आहेत. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतात, आणि मी मुद्दाम सांगत नाही.

चर्चमधली नर्सबाई गेल्या महिन्यात प्रभूजवळ गेली. मागच्या बाकावर बसायची, सगळ्यांना दटावायची, तीच. तिची आठवण झाली की मला तोंड लपवावंसं वाटतं. ते कशामुळे, ते पुढे लिहिते. आधी धीर गोळा करू दे.

रविवारी शास्त्रपाठ कुणी वाचायचा, त्याची यादी मीच करते. माझी घरखर्चाची वही बिनचूक असते, म्हणून पाळकसाहेबांनी ते काम माझ्यावर सोपवलं. एकेका घराची पाळी. मी पेन्सिलीने लिहिते, म्हणजे खोडून तेच पान पुन्हा वापरता येतं.

परवा शिंपीणबाई यादीपाशी येऊन माझ्या कानात कुजबुजली. तिची धाकटी बोलताना अडखळते. म्हणाली, "बाई, आमच्या पाळीला तिचं नाव नका हो ठेवू. लोक हसतील. झाकली मूठ बरी." मी मान डोलावली, खोडरबर हातात घेतलं, आणि हात तिथेच थांबला. चिमे, ते बोलणं माझंच होतं.

तू चौदा वर्षांची असताना एकदाच वाचलंस. "प्रभू" या शब्दावर अडलीस. कुणीतरी खोकलं, कुणीतरी फिसकन हसलं. मी मान खाली घालून चपलांकडे बघत बसले. तू मात्र बसली नाहीस. श्वास घेतलास, थांबलीस आणि शेवटपर्यंत वाचलंस. बाहेर आल्यावर नर्सबाईने माझा दंड धरला. म्हणाली, "हिला दर पाळीला वाचू दे गं. हिच्यासाठी थांबावं लागतं, म्हणून वचन आत उतरतं. हे कृपादान आहे, घरात कोंडून ठेवू नकोस."

तिचा हा निरोप मी तुला कधीच दिला नाही. उलट सांगितलं, की यापुढे मोठ्या माणसांनीच वाचायचं असं पाळकसाहेबांनी ठरवलंय. ते खोटं होतं. पाळकसाहेबांनी तुझं नाव दोनदा सुचवलं, आणि दोन्ही वेळा "तिला नको वाटतं" असं मीच म्हणाले. आपल्या घराची पाळी आली की मी तुझं नाव खोडून स्वतःचं लिहायचे. अकरा वर्षं तुझ्या जागी उभी राहून वाचत आले. लोक म्हणायचे, बाईंचा आवाज काय स्वच्छ! आणि मला ते गोड लागायचं.

एकदा तू म्हणालीस, "आई, देवालाही मी नको आहे बहुतेक." मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही. तू नोकरीला तिकडे शहरात गेलीस, रविवारी चर्चला जायचं सोडलंस. शेजारीण म्हणते, पोरीला तिकडची हवा लागली. मी मुकाट ऐकून घेते. कसली हवा न् कसलं काय! तुला जपतेय असं मी स्वतःला सांगत आले, पण जपत होते ती माझी लाज. पै-पैची काळजी घेणारी मी, देवाने तुझ्या हाती दिलेलं मात्र मातीत पुरून आले. रोज गुडघे टेकते, पण हे एवढं कबूल करायला मला शिंपीणबाई भेटावी लागली.

तिच्या धाकटीचं नाव मी खोडलं नाही. तिच्या आईशी अर्धा तास भांडले. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी ती वाचणार आहे. दुसऱ्या रविवारी आपली पाळी. तिथे मी तुझं नाव लिहिलंय, पेनने, आणि यादी फळ्यावर लावून आले. तुला न विचारता खोडलं होतं, आता लिहिलंही न विचारताच. त्याबद्दल हवं ते बोल, पण ये; हे पत्र त्यासाठीच आहे. तू आली नाहीस तर तुझ्या जागी मी वाचणार नाही. उभी राहून मंडळीला सांगेन, हे नाव इतकी वर्षं कुणी खोडलं. आलीस तरी सांगणारच आहे. आणि तू अडलीस, तर या वेळी चपलांकडे बघणार नाही. तुझ्याकडेच बघत थांबेन, लागेल तितका वेळ.

तुझ्या क्षमेची वाट पाहणारी,
तुझीच आई